एकच माती, दोन अहवाल : ६४० की १,९००?

खणती

जमिनीखालची डिझेलची जुनी टाकी काढून झाली आहे. खड्ड्याच्या तळाशी, टाकीच्या एका टोकाखालची माती एकाच जागेवरून दोन बरण्यांत भरून दोन प्रयोगशाळांना पाठवली. पहिलीचा अहवाल : टीपीएच (मातीतलं एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन) ६४० मिग्रॅ प्रति किलो. दुसरीचा : १,९००. बेंझीन दोन्हीकडे 'आढळले नाही'. या जागेसाठी ठरलेली मर्यादा १,००० आहे. म्हणजे एका कागदानुसार खड्डा बुजवायचा आणि दुसऱ्यानुसार अजून खणायचं.

असा फरक आला की सगळे प्रयोगशाळेवर खापर फोडतात. माझं मत उलट आहे. माती बरणीत जाईपर्यंतच निम्मा निकाल लागलेला असतो, यंत्र फक्त तो छापतं. पटतंय का? आणि यातला कुठला आकडा धरायचा?

तिसरा_डाव

तिसऱ्या प्रयोगशाळेला पाठवा. तीन आकडे आले की निदान भांडण तरी बरोबरीत सुटणार नाही. :)

कुबडशोधक

मत अर्धंच पटलं. नमुना वाईट असेल तर पुढचं सगळं वाया, हे खरं. पण इथे दोन बरण्या एकाच जागच्या आहेत आणि फरक तिप्पट आहे. माझा संशय आधी अहवालाच्या तळटिपांवर जाईल. चार गोष्टी कळल्याशिवाय हे दोन आकडे शेजारी ठेवूच नका :

कार्बनची व्याप्ती काय धरली, म्हणजे रेणूत किती कार्बन असलेली संयुगं मोजली? सी१० ते सी२८, की सी१० ते सी४०?
आकडा ओल्या मातीवर आहे की कोरड्या वजनावर?
अर्क (मातीतून द्रावकात उतरलेलं तेल) सिलिका जेलमधून, म्हणजे पेट्रोलियम नसलेले पदार्थ अडवणाऱ्या भुकटीतून, काढला होता का?
काढणी, म्हणजे तेल मातीतून द्रावकात उतरवणं, कशाने केली? सॉक्स्लेट (गरम द्रावकाने तासन्‌तास धुणं), अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी हलवणं), दाबाखाली?

'टीपीएच' नावाचा एकच एक पदार्थ नसतो. ज्या पद्धतीने मोजाल तेच टीपीएच. त्यामुळे पद्धत न लिहिता आलेल्या आकड्याला किंमत नाही.

हातऑगर

चारही प्रश्न बरोबर. पण त्याआधी मला एक सांगा, दोन बरण्या कशा भरल्या? एका जागेची माती ताटलीत कालवून दोन्हीकडे वाटली, की आधी एक बरणी भरली आणि मग शेजारून दुसरी? चिकण मातीत डिझेल मुळांच्या भोकांतून आणि भेगांतून उतरतं. भेगेत काळी रेघ असते आणि दोन बोटं बाजूला माती कोरी असते. तिथे दुप्पट-तिप्पट फरक कुणाचीही चूक नसताना येतो.

खणती

@हातऑगर, स्टीलच्या ताटलीत कालवून, चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून) वाटली.

@कुबडशोधक, पहिली प्रयोगशाळा : सी१० ते सी२८, 'जशी आली तशी' म्हणजे ओल्या वजनावर, ओलावा २४ टक्के वेगळ्या ओळीत दिलाय, सिलिका जेल वापरलं. दुसरी : सी१० ते सी४०, कोरड्या वजनावर, सिलिका जेल नाही. काढणी दोघांचीही अल्ट्रासॉनिक.

कुपीबहाद्दर

थांबा थांबा. ताटलीत कालवून? आणि बेंझीनही त्याच बरणीतून तपासलं?

मग ते 'आढळले नाही' विसरा. बाष्पशील घटकांसाठी माती कालवायची नाही, चाळायची नाही, एकत्र मिसळायची नाही. उघड्या ताटलीत ढवळलेल्या मातीतून बेंझीन मिनिटांत उडतं. त्यानंतर बरणीत वरती मोकळी जागा राहिली की उरलंसुरलं तिथे जातं आणि झाकण उघडताच हवेत. टीपीएचच्या जड भागासाठी कालवणं उत्तम आहे, हलक्या भागासाठी तेच घातक. म्हणून एकाच जागेवरून दोन वेगळे नमुने घ्यायचे असतात, आणि बाष्पशीलचा आधी.

खणती

डिझेलची टाकी होती, बेंझीन असून असून किती असणार, असा विचार होता.

कुपीबहाद्दर

डिझेलमध्ये कमी असतं, पण जुन्या टाकीत आयुष्यभर फक्त डिझेलच होतं याची खात्री कोण देणार? आणि डिझेल असेल तरी नॅप्थलीन हवंच, तेही बऱ्यापैकी उडणारं आहे. शिवाय पेट्रोलची शंका असेल तर जुन्या काळच्या शिसेवाल्या पेट्रोलसाठी शिसं आणि डायब्रोमोइथेनही (शिशासोबत घालायचं रसायन) यादीत घाला. अलीकडच्या काळातलं असेल तर एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळायचं रसायन). प्रयोगशाळा न मागितलेलं तपासत नाही.

नवशिक्या

बाष्पशीलचा नमुना नेमका कसा घ्यायचा हे कुणी पायरीपायरीने सांगेल का? पुस्तकात 'योग्य काळजी घ्यावी' एवढंच असतं.

कुपीबहाद्दर

सांगतो. हा मेथॅनॉलचा प्रकार, म्हणजे माती लगेच मेथॅनॉलमध्ये बुडवायची, की बाष्पशील घटक उडत नाहीत :

४० मिलिची काचेची व्हायल (छोटी बाटली) प्रयोगशाळेकडून ५ मिलि मेथॅनॉल भरून, वजन करून येते. त्यावर वजन लिहिलेलं असतं आणि ते लेबलासकट असतं. म्हणून वरून आपलं दुसरं लेबल चिकटवायचं नाही. चिकटवलं तर कागदाचं वजन मातीत मोजलं जातं. वापरण्याआधी व्हायल वजनकाट्यावर ठेवून बघा. लिहिलेल्यापेक्षा वजन घटलं असेल तर मेथॅनॉल उडालंय, ती बाद.

खड्ड्याची भिंत किंवा गाभ्याचा तुकडा नुकता उघडा झालेला हवा. वरचा काही सेंमीचा थर खरवडून टाका. टोक कापलेली १० मिलिची प्लॅस्टिक सिरिंज किंवा त्यासाठीच मिळणारी कोरिंगची नळी ताज्या पृष्ठभागात दाबा. ५ ग्रॅम ओली माती म्हणजे साधारण ३ मिलि. आधी एकदा कोऱ्या मातीवर वजनाचा अंदाज घ्या, म्हणजे दर वेळी काट्याकडे धावायला नको. मातीचा दंडगोल व्हायलमध्ये अलगद ढकला, उंचावरून टाकलात तर मेथॅनॉल उडून बाहेर येतं आणि हिशोब बिघडतो.

व्हायलच्या आट्यांवरची माती पुसा. हे सगळ्यांत जास्त विसरलं जातं. आट्यात एक वाळूचा कण राहिला तरी झाकण घट्ट बसत नाही आणि प्रयोगशाळेत व्हायल पोचते तेव्हा निम्मं मेथॅनॉल गायब असतं.

झाकण लावून हलक्या हाताने फिरवा, ढेकूळ फुटेपर्यंत. माती पूर्ण बुडायला हवी. मग बर्फपेटीत.

आणि प्रत्येक जागेची एक मेथॅनॉल नसलेली बरणी वेगळी द्या. ओलावा मेथॅनॉलवाल्या व्हायलमधून मोजता येत नाही.

भूस्तर

या शेवटच्या वाक्यावर लोक हसतात, पण खणतीच्याच मातीत बघा काय होतं. ओलावा २४ टक्के म्हणजे ५ ग्रॅम मातीत १.२ ग्रॅम पाणी. ते ५ मिलि मेथॅनॉलमध्ये मिसळलं की द्राव ६.२ मिलि. दुरुस्ती केली नाही तर आकडा १९ टक्क्यांनी कमी दिसतो, कोरड्या वजनाची दुरुस्ती अजून करायचीच आहे. दोन्ही एकाच दिशेने ढकलतात. अहवालात 'मेथॅनॉलच्या आकारमानाची दुरुस्ती केली' असं लिहिलंय का ते शोधा.

कुबडशोधक

+१. मेथॅनॉलची दुसरी अडचण म्हणजे किती कमी प्रमाण दिसू शकतं याची. १०० मायक्रोलिटर मेथॅनॉल ५ मिलि पाण्यात घालून यंत्रात सोडतात, म्हणजे पन्नासपट पातळ. पाण्यात १ मायक्रोग्रॅम प्रति लिटर दिसत असेल तर मातीत ती ५० मायक्रोग्रॅम प्रति किलो होते, कोरड्या वजनावर त्याहून जास्त. जागेसाठी ठरलेली बेंझीनची मर्यादा याखाली असेल तर मेथॅनॉलवर 'आढळले नाही' हे उत्तर म्हणजे 'बघितलंच नाही'. मग कमी पातळीची व्हायल हवी : ५ मिलि पाणी, किंवा पाण्यात सोडियम बायसल्फेट.

सिलिकाजेल

बायसल्फेट चुनखडीयुक्त मातीत वापरू नका. आम्ल आणि कार्बोनेट भेटले की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि जाताना बेंझीन घेऊन जातो. कधी झाकणही उडतं. आधी चिमूटभर माती सुट्या व्हायलमध्ये टाकून पाहा. फसफसली तर नुसतं पाणी वापरा आणि ४८ तासांच्या आत गोठवा, -७ अंशांखाली. शिवाय काही मातींत बायसल्फेटमुळे ॲसिटोन तयार होतं, मग अहवालात नसलेलं ॲसिटोन दिसायला लागतं आणि सगळे शोधत बसतात की हे आलं कुठून.

हातऑगर

अवांतर : अहवालात टोल्युईन किंवा झायलीन थोडंसंच आलं असेल तर आधी खिशातला मार्कर बघा. कायमस्वरूपी शाईच्या काही मार्करमध्ये झायलीन, टोल्युईन असतं. चिकटपट्टीचा गोंदही. जनरेटर वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवून नमुने घेणं तर नेहमीचंच. इंधन भरलेल्या हाताने हातमोजे चढवले तर हातमोजा कोरा राहत नाही. नायट्राइलचे घ्या आणि प्रत्येक नमुन्याला बदला.

तिसरा_डाव

आणि गंजलेला ऑगर (माती काढायचा गिरमिट) सुटावा म्हणून त्यावर वंगणाचा फवारा मारणारे?

हातऑगर

त्यांना बक्षीस द्या, सी२० च्या पुढे सुंदर कुबड मिळेल.

नवशिक्या

कुबड म्हणजे?

कुबडशोधक

क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे यंत्र संयुगं वेगळी करून जो आलेख काढतं त्यात, वेगळी न होणारी हजारो संयुगं एकत्र येऊन तळरेषेवर जो फुगवटा दिसतो तो. ताज्या डिझेलमध्ये त्या फुगवट्यावर सरळ साखळीच्या अल्केनची कंगव्यासारखी टोकं उभी असतात, साधारण सी१० ते सी२५. सी१७ च्या शेजारी प्रिस्टेन आणि सी१८ च्या शेजारी फायटेन, दोन्ही फांद्यावाले अल्केन. जंतू सरळ साखळ्या आधी खातात, प्रिस्टेन-फायटेन मागे ठेवतात. म्हणून सी१७ ची उंची प्रिस्टेनच्या तुलनेत घटली की तेल जुनं होत चाललंय. शेवटी टोकं जातात आणि फक्त कुबड उरतं. वंगण तेलात मात्र सुरुवातीपासून कुबडच, सी२० च्या पुढे, टोकांशिवाय. पेट्रोल डावीकडे, टोल्युईन, झायलीन आणि शाखांत मिळून तीन कार्बन असलेल्या अल्किलबेंझीनांचा झुबका.

खणती, दोन्ही प्रयोगशाळांकडून क्रोमॅटोग्राम मागवा. आकड्यापेक्षा चित्र जास्त बोलतं. मागितलं तर देतात, न मागता कुणी पाठवत नाही.

भूस्तर

चित्र येईपर्यंत आकडे तरी एका पातळीवर आणू. पहिलीचे ६४० ओल्या मातीवर. २४ टक्के ओलावा म्हणजे कोरडा भाग ०.७६. ६४० ÷ ०.७६ = ८४२. म्हणजे तुलना ८४२ आणि १,९०० ची. तिप्पट फरक सव्वादोनपट झाला, आणि यात कुणी काही चुकलेलं नाही.

सिलिकाजेल

उरलेलं सिलिका जेलने सुटेल. दुसरीने ते वापरलंच नाही. माती काळी, सेंद्रिय असेल तर कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे मेणासारखे पदार्थ द्रावकात उतरतात आणि एफआयडी (ज्वालेत जाळून कार्बन मोजणारा शोधक) सगळ्या कार्बनला जवळपास सारखंच मोजतो. पेट्रोलियम आहे की पान, त्याला कळत नाही. त्यांना अर्क पुन्हा जेलमधून काढायला सांगा.

कुबडशोधक

इथे असहमत. जेल ध्रुवीय संयुगं धरून ठेवतं : वनस्पतींची आम्लं, अल्कोहोल, एस्टर. पण पानांच्या मेणातले अल्केन अध्रुवीय असतात, ते जेलमधून बिनबोभाट निघून जातात. ओळखायचे कसे? सी२५ ते सी३३ मध्ये विषम आकड्यांची टोकं, विशेषतः सी२७, सी२९, सी३१, शेजारच्या सम टोकांच्या कितीतरी वर उभी असतात. पेट्रोलियममध्ये विषम-सम जवळपास सारखे. हा फरक जेल नाही दाखवणार, डोळा दाखवेल.

सिलिकाजेल

अल्केनचा मुद्दा मान्य. तरी जेल निरुपयोगी नाही ठरत, बाकीचा ध्रुवीय भाग मोठा असू शकतो.

भूस्तर

पण जेलचा दुसरा बाजूने विचार करा. जुनं डिझेल जंतूंनी अर्धवट खाल्लं की त्यातून आम्लं, कीटोन, अल्कोहोल तयार होतात. तेही ध्रुवीय. जेल त्यांनाही पकडतं. म्हणजे जेल वापरून आकडा उतरला तर तो पाला होता की मुरलेलं डिझेल, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. 'स्वच्छ करून घ्या, पास होईल' हा सल्ला म्हणून धोक्याचा. जेल असलेला आणि नसलेला, दोन्ही आकडे मागवावेत आणि जवळच्या कोऱ्या मातीचा एक पार्श्वभूमी नमुनाही. कोऱ्या मातीत जेलशिवाय ४०० आले तर समजा ते पानांचे आहेत.

सिलिकाजेल

पार्श्वभूमी नमुना हवाच. पण तोही त्याच खोलीचा, त्याच थराचा. वरच्या सुपीक थरातून घेऊन तळाशी तुलना करणारे आहेतच.

खणती

मागवलेली माहिती आली. दुसऱ्या प्रयोगशाळेने विभागून दिलं : सी१० ते सी२८ मध्ये १,१५०, सी२८ ते सी४० मध्ये ७५०. चित्रात उजवीकडे सी२७, सी२९, सी३१ उंच उभे, मधले बुटके. डावीकडे सी१२ ते सी२२ कुबड, त्यावर थोडी टोकं, प्रिस्टेन आणि फायटेन सी१७, सी१८ पेक्षा उंच.

कुबडशोधक

मग झालंच की. डावीकडे जुनं डिझेल, उजवीकडे बहुतांश वनस्पतींचं मेण. तुलना आता ८४२ आणि १,१५० ची. फरक ३०८, सरासरी ९९६, सापेक्ष फरक ३१ टक्के. मातीच्या दोन बरण्यांत, दोन प्रयोगशाळांत, एक जेलसह आणि एक जेलविना, हे अगदी नेहमीचं आहे.

तिसरा_डाव

सरासरी ९९६! मर्यादा १,०००! पास झालात, पेढे वाटा.

भूस्तर

:) हाच सापळा आहे. दोन आकड्यांची सरासरी ९९६ आली म्हणून तळाची माती १,००० च्या खाली आहे असं सिद्ध होत नाही. दोन आकड्यांतला पसरच ३०० आहे. एक वर आहे, एक खाली आहे, इतकंच कळतं. निर्णय घ्यायचा तर त्या तळाच्या क्षेत्रातून ३० किंवा जास्त छोटे अंश घेऊन एक वाढीव नमुना बनवा आणि तेच सगळं पुन्हा करून तीन प्रतिकृती घ्या. प्रतिकृतींचा पसर कळला की मगच सरासरीवर बोलता येतं. अर्थात हे जड भागासाठी. बाष्पशीलला हा मार्ग पाहिजे असेल तर प्रत्येक अंश थेट मेथॅनॉलच्या मोठ्या बाटलीत टाकावा लागतो.

नाहीतर अर्धा मीटर आणखी खणा. बहुतेक वेळा ते प्रतिकृतींपेक्षा स्वस्त पडतं.

हातऑगर

आणखी खणण्याआधी भूजल कुठे आहे बघा. पाण्याची पातळी वरखाली होते तेव्हा तेल तिच्यासोबत वरखाली जातं आणि मातीला फासलं जातं. तो फासलेला पट्टा टाकीच्या तळाशी नसून एखादा मीटर खाली असू शकतो. तळ स्वच्छ दिसला तरी तिथे पोचलेला नसाल. आणि पाणी लागलं तर पाण्याखालची माती उपसून नमुना घेऊ नका, ती धुतलेली असते. पाण्याच्या जरा वरची भिंत घ्या, चारही बाजूंनी. आधार नसलेल्या खोल खड्ड्यात कुणीही उतरायचं नाही. नमुना मशीनच्या बादलीत आलेल्या ढिगाच्या मधून घ्यायचा, बादलीच्या लोखंडाला लागलेल्या भागातून नाही.

नवशिक्या

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर तेल समजायचं?

हातऑगर

काडीने ढवळा. लोहजंतूंचा तवंग पापुद्र्यासारखा फुटतो आणि तुकडे तसेच राहतात. पेट्रोलियमचा तवंग फिरून जुळतो. मोजमाप नाही हे, पण खड्ड्याजवळ उभं असताना उपयोगी.

नवशिक्या

आणि हातातलं पीआयडी (हवेतली बाष्पं मोजणारं उपकरण)? त्यावर शून्य आलं की नमुना घ्यायची गरज नाही ना?

कुपीबहाद्दर

असं अजिबात करू नका. पीआयडीत १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा दिवा असतो. बेंझीनची आयनीकरण ऊर्जा ९.२४, म्हणून छान दिसतं. जुनं डिझेल मात्र फारसं उडत नाही, तिथे पीआयडी शांत बसतं आणि माती काळी असते. दमट हवेत वाचन गडबडतं. मिथेन पीआयडीला दिसत नाही, एफआयडीला दिसतो, म्हणून सेंद्रिय मातीत दोघांची तुलना उपयोगी. आयसोब्युटिलीन वायूच्या १०० पीपीएमवर त्याच दिवशी तपासून घ्या.

पीआयडी कुठे कोरायचं हे सांगायला चांगला, कुठे थांबायचं हे सांगायला नाही. झिपवाली पिशवी अर्धी भरा, हवा ठेवा, दहा मिनिटं थांबा, हलवा, छिद्र पाडून वाचा. सगळ्या पिशव्या एकाच तापमानाला. सकाळची थंड पिशवी आणि दुपारची उन्हातली पिशवी यांची तुलना निरर्थक.

तिसरा_डाव

वास घेऊन ओळखणारे जुने लोक काय म्हणतील?

कुपीबहाद्दर

बेंझीन कर्करोगकारक आहे. नाक हे उपकरण नाही, आणि ते बदलूनही मिळत नाही.

सिलिकाजेल

मूळ विषयाकडे. प्रयोगशाळेच्या बाजूची दोन ठिकाणं राहिली. एक, ओल्या चिकण मातीत पाणी शोषणारं सोडियम सल्फेट मिसळताना ती मोकळी, भुरभुरीत व्हायला हवी. गोळे राहिले तर द्रावक आत शिरत नाही आणि आकडा खाली येतो. दोन, सरोगेट, म्हणजे काढणी तपासायला प्रयोगशाळा मुद्दाम घालते ते संयुग. ऑर्थो-टर्फिनाइल ९५ टक्के परत मिळालं म्हणून काढणी चांगली झाली असं समजू नका. ते नुकतंच मातीवर टाकलेलं असतं. वर्षानुवर्षं चिकण मातीत मुरलेलं तेल तसं सहज निघत नाही. अल्ट्रासॉनिक आणि १६ ते २४ तासांचं सॉक्स्लेट यांच्यात म्हणूनच फरक पडू शकतो, सरोगेट दोन्हीकडे उत्तम असतानाही.

कुबडशोधक

आणि तिसरं : क्षेत्रफळ कसं मोजलं? कुबडासकट आडव्या तळरेषेपर्यंत, की टोकांच्या दरीदरीतून? जुन्या डिझेलमध्ये बहुतेक वस्तुमान कुबडात असतं. दरीतून मोजलं तर बहुतांश तेल अहवालातून गायब. सॉफ्टवेअर आपोआप दरी धरतं, माणसाने बदलावं लागतं. पहिलीच्या ८४२ बद्दल मी हे नक्की विचारेन.

खणती

विचारलं. आडवी तळरेषा, शेवटी कॉलमचा (यंत्रातल्या नळीचा) स्वतःचा स्राव वजा केलेला. ठीक आहे ना?

कुबडशोधक

ठीक. मग ८४२ ला माझी हरकत नाही.

भूस्तर

मुदत विसरू नका. काढणीसाठी नमुना घेतल्यापासून १४ दिवस, अर्क झाल्यावर विश्लेषणाला ४० दिवस. बर्फपेटी ६ अंशांच्या आत, पण पूर्ण भरलेली काचेची बरणी गोठवू नका, फुटते. नवीन नमुन्यांसोबत बाष्पशीलसाठी प्रवासी कोरा (न उघडता सोबत फिरवलेली कोरी व्हायल) ठेवा, म्हणजे वाटेत बर्फपेटीत काही शिरलं का ते कळेल. साखळी नोंदीत प्रत्येक हस्तांतराची वेळ लिहा आणि विनंतीच्या रकान्यात व्याप्ती, कोरडं वजन, जेल असलेला-नसलेला दोन्ही, क्रोमॅटोग्राम, हे सगळं स्पष्ट मागा.

खणती, पहिला प्रश्न होता कोणता आकडा धरायचा. मर्यादा कोणत्या व्याप्तीसाठी आणि कोणत्या वजनावर ठरली आहे ते लेखी शोधा. सी१० ते सी२८, कोरड्या वजनावर असेल तर हातात ८४२ आणि १,१५० आहेत, मर्यादेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे निर्णय अजून झालेला नाही. सी१० ते सी४० साठी असेल तर पहिल्या प्रयोगशाळेचा आकडा तिथे चालणारच नाही. मग दुसरीचे १,९०० उरतात, आणि त्यातले पानांचे किती हे पार्श्वभूमी नमुना सांगेल.

खणती

मर्यादा सी१० ते सी२८, कोरडं वजन. अर्धा मीटर खणून तळ आणि चारही भिंती घेतो, बाष्पशील मेथॅनॉलवर. आणि 'खड्ड्यातच निकाल लागतो' हे निम्मं मागे घेतो.

कुबडशोधक

निम्मं पुरे.

नवशिक्या

एक शेवटचं. व्हायल बर्फपेटीत उभ्या की आडव्या?

कुपीबहाद्दर

मेथॅनॉलच्या उभ्या, म्हणजे झाकणाची सील द्रावात बुडत नाही. पाण्याच्या ज्या गोठवायच्या त्या तिरक्या, म्हणजे बर्फ फुगायला जागा मिळते. मेथॅनॉल ज्वालाग्राही आहे, कुरिअरला आधी सांगा, काही जण घेत नाहीत.